लिस्बनचं चौथं मैदान

रिकामं स्टेडियम बघायला कोणी परदेशात जात नाही, हे मला आमच्या इमारतीत ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांत लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूसही होता. तो पेशावरचा. माझ्या सहलीशी त्याचा काहीही संबंध नव्हता, पण दुबईत, देराच्या जुन्या वस्तीतल्या इमारतींत लिफ्ट बंद असली की माणसं जिन्यात भेटतात आणि एकमेकांच्या बेतांत लक्ष घालतात.

"मॅच कुठली?" हा पहिला प्रश्न. मॅच नाही, असं मी सांगे.

"मग बघणार काय?"

खुर्च्या, खेळाडू ज्यातून बाहेर येतात तो बोगदा, कपडे बदलायची खोली आणि गवत. मी हे शांतपणे सांगत असे. समोरचा माणूस तेवढ्याच शांतपणे माझ्या बायकोकडे बघत असे.

मी एका इंग्रजी वृत्तपत्राच्या क्रीडा विभागात उपसंपादक आहे. आमच्या हातून रोज रात्री धावसंख्या, गुणतक्ते, छायाचित्रांच्या ओळी आणि शेवटच्या पानावरची जगातल्या शहरांच्या हवामानाची चौकट जाते. लिस्बनच्या मैदानांत किती प्रेक्षक मावतात हे मला तोंडपाठ आहे, कारण वार्ताहर ते आकडे चुकवतात आणि मी दुरुस्त करतो. मात्र सामने रात्री असतात आणि रात्री मी कामावर असतो. त्यामुळे स्टेडियमच्या खुर्चीवर बसण्याचा योग मला कधी आलेला नव्हता. ही गोष्ट मी ऑफिसात कोणाला सांगितलेली नाही. तिथे माझी ख्याती चुका काढणारा माणूस म्हणून आहे आणि ती मी कष्टाने मिळवलेली आहे. चर्चच्या पत्रकात नाताळची तारीख सोडून बाकी सगळं मी एकदा तरी दुरुस्त केलेलं आहे.

बेत माझ्या मुलाचा, ट्रॉयचा. तो दहावीत. शाळेच्या संघाचा गोलकीपर. पुढच्या जूनमध्ये तो कॉलेजसाठी वसईला आजीकडे जाणार आणि मग वर्षातून एकदा भेटणार. म्हणून ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही दोघांनी कुठेतरी जायचं ठरलं, आणि कुठे ते त्याने ठरवायचं. त्याने लिस्बन ठरवलं. तीन दिवस, चार मैदानं. पहिल्या दिवशी लूझ आणि आल्वालाद, ही दोन मोठ्या क्लबांची. दुसऱ्या दिवशी रेस्तेलो, जिथे वरच्या स्टँडमधून नदी दिसते. तिसरा अख्खा दिवस जामोरसाठी. जामोर शहराच्या कडेला, झाडांच्या मधोमध आहे. दगडी पायऱ्या, एक बाजू उघडी, छप्पर नाही. ट्रॉयने त्याचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवला होता. पूर्वी तिथे आमच्या कुत्र्याचा फोटो असे.

"एक अख्खा दिवस कशाला रे?" मी विचारलं.

"आय जस्ट वॉन्ट टु सिट देअर, पप्पा. विथ यू," तो म्हणाला आणि लगेच हेडफोन लावले.

माझ्याशी तो इतकं बोलत नाही. मी हे वाक्य मनात दोनदा तपासलं. चूक सापडली नाही.

ऑफिसात पुरवणीच्या संपादकांनी माझ्याकडून एक लेख मागून घेतला: लिस्बनमधली पाहण्याजोगी मैदानं. मी एका अटीवर होकार दिला. जे डोळ्यांनी पाहीन तेवढंच लिहीन. ते म्हणाले, "तुझ्याकडून दुसरी अपेक्षाच नाही." ते कौतुक होतं की टोमणा, हे अजून ठरायचं आहे.

इथवर सगळं ठीक होतं. मग समोरच्या फ्लॅटमधल्या करेनला कळलं.

करेन वाघोलीची, म्हणजे वसईतल्या आमच्या शेजारच्या गावची. चर्चमध्ये ती धर्मशिक्षणाचे वर्ग घेते आणि इमारतीत बाकी सगळं घेते. ती दारात उभी राहिली, हातात पिठाचा डबा.

"जेराल्ड, तू लिस्बनला चाललास आणि फातिमाला जाणार नाहीस?"

"फातिमा लिस्बनमध्ये नाही, करेन. सव्वाशे किलोमीटर वर आहे."

"बघ, अंतरही माहीत आहे याला," ती माझ्या बायकोला, जीनला म्हणाली. "देवमातेच्या दारात जाऊन गवत बघून येणार."

फातिमाचं देवस्थान आमच्या लोकांसाठी काय आहे हे मला माहीत आहे. पण ट्रॉयच्या तीन दिवसांत चौथा दिवस नव्हता. मी तसं स्पष्ट सांगितलं. करेनने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून ऐकलं नसल्यासारखी वागू लागली.

सप्टेंबरमध्ये तिची बहीण वांद्र्याची जत्रा करून दुबईला आली आणि तिच्या बॅगेतून मेणाचे अवयव निघाले. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात नवस बोलताना ज्याचं दुखणं असेल त्याची मेणाची प्रतिकृती देवमातेपुढे ठेवतात. हात दुखत असेल तर हात. मूल हवं असेल तर मूल. घर हवं असेल तर घरही मिळतं, कौलांसकट. करेनने आमच्या सोफ्यावर एक पाय आणि एक घर मांडलं. पाय तिच्या नवऱ्याचा, डॅरिलचा. डॅरिल चर्चच्या संघात डावा बचावपटू होता. गुडघा गेल्यापासून तो फक्त टीका करतो. घर नायगावातल्या फ्लॅटसाठी, ज्याचा बिल्डर दर वर्षी पुढच्या वर्षाचं नाव सांगतो.

"मी हे वांद्र्यालाच का नाही ठेवलं विचार," करेन म्हणाली.

मी विचारलं नाही.

"फातिमाला ठेवायचं म्हणून नवस बोलले. आता बोलून झालं."

माझी परवानगी न घेता माझ्या सहलीवर नवस बोलला गेला होता. हा प्रकार कुठल्या कायद्याखाली येतो हे मी शोधलं असतं, पण तेवढ्यात दारात नागेश आला.

नागेश राजापूरकडचा. बांधकामावर परांची उभारतो आणि आमच्याच इमारतीत खाली एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तो ट्रॉयला चेंडू मारून सराव देतो. त्याचा फटका पाहून डॅरिलने एकदा मान्य केलं होतं की गुडघा असता तर आपणही असंच मारलं असतं. जामोरचा फोटो ट्रॉयने सगळ्यांत आधी त्याला दाखवला होता.

"छप्पर नाही?" नागेशने तेव्हा विचारलं होतं. "पाऊस आला तर काय करतात ओ?"

"दे गेट वेट, काका."

"भारी आहे," नागेश म्हणाला होता. "बघून ये आणि मला सांग, पायऱ्यांना उतार कसा काढलाय."

आज त्याने खिशातून रुमाल काढला. रुमालात मेणाचे दोन डोळे होते, एका पट्टीवर बसवलेले. करेनच्या बहिणीकडून त्याने मागवून घेतले होते.

"आईचे," तो म्हणाला. त्याची आई ठकुबाई गावी असते. एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात. "जेराल्डभाऊ, आमचं तुमच्या देवाला चालतं का, ते मला माहीत नाही. नसेल चालत तर राहू दे."

मी अनेक वर्षं लोकांचा मजकूर नाकारत आलो आहे. ते डोळे मला नाकारता आले नाहीत. पण दिवस वाढवताही येत नव्हते. मी म्हणालो, "बघतो." गल्फमध्ये इन्शाल्ला म्हणतात त्याच अर्थाने.

जीनने मात्र एक अट घातली. "घरात तुटलेले हातपाय नकोत. मला रात्री पाणी प्यायला उठावं लागतं." म्हणून अवयव गाडीच्या डिकीत गेले. गाडी तळघरात असे. तिथे थंडावा होता. त्या वेळी यात कोणालाही गैर वाटलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

चार दिवसांनी मी आणि ट्रॉय व्हिसा केंद्रावर गेलो. फाइल मी स्वतः लावली होती. तीत चुकीला जागा नव्हती. जीनने मात्र माझ्या नकळत एक पत्र शेवटी घातलं होतं. चर्चचं पत्र कधी वाया जात नाही, असं तिचं मत. ते करेनने प्रार्थनामंडळाच्या लेटरहेडवर आणवलं होतं. त्यानुसार मी फातिमाला निघालेल्या यात्रेकरूंचा प्रमुख होतो.

काउंटरवरची मुलगी मालाडची निघाली. जॅकलीन. तिने आधी माझा कार्यक्रम वाचला, मग पत्र.

"अंकल, तुम्ही स्टेडियम बघायला जाताय की यात्रेला?"

"स्टेडियम."

"मॅचची तिकिटं?"

"मॅच नाही."

"मग स्टेडियममध्ये काय आहे?"

"खुर्च्या," मी म्हणालो.

"आणि हे यात्रेकरू कुठे आहेत?"

मी ट्रॉयकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "आयॅम नॉट विथ हिम," आणि जॅकलीन हसली, पण फाइल पुढे गेली नाही. तिने मला समजावलं ते योग्यच होतं. एकाच अर्जात दोन गोष्टी लिहिल्या की वाचणाऱ्याला दोन्ही खोट्या वाटतात. हे वाक्य मी वार्ताहरांना वर्षानुवर्षं ऐकवत आलो आहे.

"पत्र काढून टाका," मी म्हणालो.

"स्कॅन झालं, अंकल. आता खलास. कार्यक्रमात फातिमा घाला, म्हणजे जुळेल. तिसऱ्या दिवशी एकच जागा लिहिलीय ना? तिथे घाला."

मी तिथल्या संगणकावर बसलो. तिसऱ्या दिवशीचं जामोर काढलं आणि फातिमा लिहिलं. ट्रॉय मागे उभा राहून बघत होता.

"हे फक्त कागदावर," मी म्हणालो.

"शुअर," तो म्हणाला.

नवा कागद, नवा शिक्का, नवी रांग. बाहेर आलो तेव्हा दुपार झाली होती आणि गाडी उघड्यावर होती. इथलं सप्टेंबरचं ऊन मी वर्णन करत नाही. आमच्या हवामानाच्या चौकटीत तो आकडा रोज छापला जातो आणि कोणी विश्वास ठेवत नाही.

वास आधी आला. चर्चमध्ये मोठ्या सणाला येतो तसा. ट्रॉयने डिकी उघडली. पाय, घर आणि डोळे यांनी परस्परांतले भेद विसरून स्टेपनीच्या खळग्यात एक तळं केलं होतं. तळ्याच्या काठाला मेणाचा एक अंगठा तेवढा शाबूत होता. डॅरिलचा.



"नागेशकाकाज आईज," ट्रॉय म्हणाला.

तळघरात आणल्यावर मेण थिजलं. मी आणि डॅरिलने ते उलथन्याने काढलं. त्याचा परातीएवढा गोळा झाला होता, मध्ये चाकाच्या नटांचे खड्डे. डॅरिल आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "गुडघा गेलाच." करेनला मी सुचवलं की फातिमाला दुकानं आहेत, तिथे नवे अवयव मिळतील. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शेवटची पाहिली होती.

"नवस या मेणावर बोललाय. दुकानातलं मेण मुकं असतं."

नागेशला सांगायला मी खाली गेलो. तो चपात्या लाटत होता. ऐकून त्याचं लाटणं थांबलं.

"म्हणजे आईचे डोळे तुमच्या डिकीत गेले."

"हो."

त्याने अर्धी लाटलेली चपाती पुन्हा गोळा केली. "तेच मेण न्या," तो म्हणाला. "सांगा त्यांना, ऊन लागलं. गल्फमध्ये कोणाला लागत नाही?" मग जरा वेळाने, "आणि ट्रॉयचं ते पायऱ्यांचं मैदान राहायला नको हां. नाहीतर मेण नका नेऊ."

मी त्याला वचन दिलं, दोन्ही होईल. इन्शाल्लाही म्हणालो नाही.

लिस्बनला उतरलो तेव्हा हॉटेलची खोली दुपारशिवाय मिळणार नव्हती, म्हणून पाठीवरच्या बॅगांसकट लूझला गेलो. दारावरच्या रखवालदाराने बॅग उघडायला लावली. त्याने तो गोळा दोन्ही हातांनी बाहेर काढला. काठावरचा अंगठा त्याच्याकडे रोखलेला होता.

"इट्स रिलिजस," ट्रॉय म्हणाला.

रखवालदाराने स्वतःवर क्रुसाची खूण केली, गोळा आपल्या टेबलाखाली ठेवला आणि आमची फेरी संपेपर्यंत सांभाळला.

लूझमध्ये मी पहिल्यांदा स्टेडियमच्या खुर्चीवर बसलो. लाल, प्लास्टिकची, साधी. समोर एवढी जागा आणि कोणी नाही. ज्या गर्दीची वर्णनं मी इतकी वर्षं कापत आणि जोडत आलो होतो, तिची रिकामी जागा मी पाहत होतो. मार्गदर्शक पोरगी क्षमता सांगत होती. आकडा बरोबर होता. आल्वालादला दुपारी गेलो. तिथे ट्रॉय गोलच्या मागे इतका वेळ उभा राहिला की आमचा गट पुढे निघून गेला. रेस्तेलोला दुसऱ्या दिवशी वर चढून बसलो. खाली पोरांचा सराव, पलीकडे नदी. ट्रॉयने हेडफोन गळ्यात ठेवले होते. कोणता कीपर पाय चुकवतो हे त्याने मला दाखवलं. मला दिसलं नाही, पण मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला मी गोळा टेबलावर ठेवला. माझा हिशोब असा होता की सकाळच्या बसने फातिमा, तिथे मेण ठेवायचं, लगेच परत आणि दुपारी जामोर. बातमी कितीही मोठी असो, वेळेत बसवता येते.

फातिमाचं आवार पाहून ट्रॉय थांबला. फरसबंद, प्रचंड, उतरतं, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा.

"इट्स बिगर दॅन लूझ," तो म्हणाला. "नो सीट्स."

आवारातून एक गुळगुळीत दगडी पट्टा उतरत जातो. त्यावरून माणसं गुडघ्यांवर चालत होती. एक म्हातारी मुलीचा हात धरून, एक तरुण एकटाच. त्या तरुणाने गुडघ्यांना पॅड बांधले होते. ट्रॉयने ते निरखून पाहिले.

"दोज आर कीपर पॅड्स, पप्पा."

मग त्याने बॅग माझ्याकडे दिली. कशासाठी, असं मी विचारलं.

"द आईज मेल्टेड," तो म्हणाला. "समबडी हॅज टु डू समथिंग."

त्याच्याकडे पॅड नव्हते. तो मला न विचारता त्या पट्ट्यावर गुडघ्यांवर बसला आणि निघाला. मी शेजारून चालत होतो, एका हातात त्याची बॅग, दुसऱ्यात मेण. निम्म्यात त्याचा वेग कमी झाला. मी म्हणालो, पुरे. त्याने मान हलवली. त्याची पँट एका गुडघ्यावर फाटली. खाली पोचल्यावर तो जमिनीवर बसून राहिला, जसा गोल खाल्ल्यावर बसतो. मेणबत्त्या जाळायच्या जागी मी गोळा टाकला. तो उभा पेटला, ज्वाळा मोठी झाली आणि बाजूचे लोक मागे सरले. अंगठा शेवटी गेला.

परतीच्या बसमध्ये ट्रॉय माझ्या खांद्यावर झोपला. लिस्बनला उतरलो तेव्हा ऊन होतं, स्वच्छ, पिवळं. जामोरला जायला अजून वेळ होता. पण त्याचे गुडघे सुजले होते आणि स्थानकाचे जिने तो कठडा धरून उतरला.

"टॅक्सी करू," मी म्हणालो. "आपण फक्त बसायचंय ना."

"देअर आर स्टेप्स, पप्पा." तो हसला. "लीव्ह इट."

आम्ही स्थानकाबाहेरच्या बाकावर बसलो. बर्फाची पिशवी त्याच्या गुडघ्यावर मी धरली होती. अंधार पडेपर्यंत बसलो. विमान सकाळचं होतं.

परत आलो तेव्हा जिन्यातच माणसं जमली. लिफ्ट बंदच होती. करेनने फातिमाची फुलं, पाणी, गर्दी, सगळं विचारलं. डॅरिलने अंगठ्याचं विचारलं. मैदानांचं कोणी विचारलं नाही. संध्याकाळी नागेश आला. ज्वाळेचं ऐकून त्याने हात जोडले, मग ट्रॉयकडे वळला.

"आणि ते पायऱ्यांचं? उतार कसा काढलाय?"

ट्रॉय माझ्याकडे बघत नव्हता.

"राहिलं," मी म्हणालो.

नागेशचा चेहरा उतरला. "आमच्या मेणापायी?"

मी तोंड उघडलं. जे झालं ते, झालं तसं सांगायचं, हा माझा धंदा आहे. पण ट्रॉय आधी बोलला, आणि मराठीत बोलला, जे तो आमच्याशी कधी बोलत नाही.

"नाही काका. पाऊस होता खूप. छप्पर नाही ना त्याला."

नागेशने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हां," तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं, पाऊस आला तर काय करतात." त्याचा चेहरा सैल झाला. "पुढच्या टायमाला छत्री ने."

लेख मी त्याच आठवड्यात दिला. लूझ, आल्वालाद, रेस्तेलो. जे पाहिलं ते लिहिलं, कसं जायचं आणि मोठी बॅग का नेऊ नये तेही. चौथ्यासाठी दोन ओळी उरल्या होत्या. पुरवणी आली की नागेश खालच्या खोलीत कोणाकडून तरी ती वाचून घेणार, हे मला ठाऊक होतं. मी लिहिलं: जामोर, झाडांमधलं दगडी मैदान, अवश्य पाहावं. आम्हाला मुसळधार पावसामुळे जाता आलं नाही.

त्या दिवशीची हवामानाची चौकट मी नंतर काढून पाहिली. लिस्बन, निरभ्र. आमच्याच पेपरात, शेवटच्या पानावर.

चूक छापून गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यायची असते. ती आजवर इतरांच्या वतीने मीच लिहीत आलो आहे. ही अजून लिहिलेली नाही.